ईएमटी व्हायचंय? आधी सिलिंडरचा हिशेब शिका

ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, रुग्णाला अँब्युलन्समध्ये सांभाळणारा माणूस. या कोर्सला प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या गाडीत चालकासोबत डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस. त्यामुळे बारावीनंतर ईएमटीचं प्रमाणपत्र हातात पडलं की १०८ वर लागलोच, या हिशेबाने फी भरू नका. खासगी रुग्णालयांच्या गाड्या, कॅज्युअल्टी (रुग्णालयाचा तातडीचा विभाग), साखर कारखाने, मॅरेथॉन, फलटण-लोणंदकडून जाणारी वारी, अशा ठिकाणी हे काम असतं. कायद्याप्रमाणे पाचशेहून जास्त कामगार असतील त्या कारखान्यात अँब्युलन्स रूम ठेवावीच लागते, तेव्हा गळीत हंगामाआधी कारखान्यात चौकशी करावी.

संस्थेला तीन प्रश्न विचारा. कॅज्युअल्टीत किती दिवस उभं राहायला मिळणार आणि त्यात रात्रपाळ्या किती? सीपीआरच्या (छाती दाबून हृदय चालू ठेवण्याच्या) सरावाच्या एका पुतळ्यामागे किती मुलं? प्रमाणपत्र कोणाचं, विद्यापीठाचं, स्किल कौन्सिलचं की नुसतं संस्थेचंच? शेवटचं उत्तर लेखी घ्या. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतला आहे, त्यामुळे पुढे नोंदणीच्या वेळी हा कागद लागेल. मिरज किंवा कराडसारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात पोस्टिंग असेल, तर वर्गखोली साधी असली तरी चालेल. उलटं मात्र चालत नाही.

आता ऑक्सिजन. पुस्तकात याला दोन पानं असतात आणि गाडीत निम्मी फजिती इथेच होते. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दहा लिटर पाणी मावतं. म्हणून गेजवर दिसणारा दाब (बारमध्ये) गुणिले दहा, इतके लिटर ऑक्सिजन आत आहे. १५० ला भरलेला सिलिंडर म्हणजे दीड हजार लिटर. गेज १०० वर असेल तर हजार. त्यातले शेवटचे २० राखीव धरले की वापरायला आठशे उरले. मिनिटाला १० लिटर दिले तर ८० मिनिटं, १५ दिले तर जेमतेम ५३. जतहून मिरजेला यायला दीड तास कुठेच गेला नाही. म्हणजे गेज १०० दाखवतंय म्हणून ‘भरपूर आहे’ म्हणणारा माणूस वाटेत अडकणार. हा हिशेब निघण्याआधी करायचा, तोंडी, कागद न घेता.

रेग्युलेटर (दाब कमी करणारं यंत्र) बसवण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करा, तोंडाशी बसलेली धूळ उडून जाते. वायसर तपासा, हिस्स आवाज येतो तो बहुतेक त्याच्यापायीच. आवाज येतोय म्हणून पाना मारून आवळत बसू नका, वायसर बदला. तेल-ग्रीस अजिबात लावायचं नाही, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. फ्लोमीटरची (ऑक्सिजनचा वेग दाखवणाऱ्या नळीची) गोळी मधोमध वाचायची. बुडबुडे येत नसतील तर ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या) बाटलीचं झाकण तिरकं बसलंय का ते आधी बघा. आणि सिलिंडरचा पाना दोरीने सिलिंडरलाच बांधून ठेवा, चालकाच्या खिशात नको.

नाकातल्या नळीने मिनिटाला १ ते ६ लिटर, साध्या मास्कने ६ ते १०, पिशवीवाल्या मास्कने १० ते १५. पिशवीवाला मास्क तोंडावर चढवण्याआधी पिशवी फुगवून घ्यायची, चपटी पिशवी लावली तर उपयोग नाही.

अँबू बॅगमध्ये (हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा) नवशिक्याची चूक ठरलेली: घाबरून जोरात आणि भराभर दाबणं. हवा पोटात जाते, रुग्ण उलटी करतो आणि ती श्वासनलिकेत उतरते. नाडी आहे पण श्वास नाही अशा मोठ्या माणसाला सहा सेकंदांनी एक श्वास, तोही छाती जेमतेम उचलेल इतकाच. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो, जबडा वर मास्कमध्ये ओढायचा असतो. दोघे असाल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्याने बॅग दाबावी.

सीपीआरचे आकडे सगळ्यांना पाठ असतात: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, ३० ला २ श्वास. चुकतं ते दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ न देणं. थकलेला माणूस नकळत छातीवर रेलतो आणि हृदयात रक्त भरतच नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमला नसला तरी.

आपल्याकडे ऊस आणि द्राक्षं आहेत, तेव्हा सर्पदंश आणि फवारणीच्या औषधाची विषबाधा यांची तयारी वेगळी करा. घोणस चावली की सूज, वेदना, हिरड्यांतून रक्त. मण्यार रात्री झोपेत चावते, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतंय, पापण्या मिटतायत, अशी तक्रार असली तर मण्यार डोक्यात ठेवा. एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते दर दहा मिनिटांनी मोजून घ्या. आकडा घसरू लागला की अँबू बॅग हाताशी हवी. चावलेला अवयव फळी लावून स्थिर ठेवा, चिरा नाही, आवळपट्टी नाही. नातेवाइकांनी आधीच दोरी करकचून बांधली असेल तर ती वाटेत फटकन सोडू नका, डॉक्टरांसमोर सुटू द्या.

कीटकनाशकाच्या रुग्णाच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ-फेस आणि घाम. नायट्राइलचे हातमोजे घालून कपडे उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा, गाडीच्या काचा उघड्या ठेवा. नाहीतर त्या वासाने तुम्हालाच गरगरेल. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. औषधाची बाटली किंवा निदान लेबल सोबत घ्या, कारण ‘फवारणीचं औषध’ एवढ्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही.

कॅज्युअल्टीच्या दारात बोलायला अर्धा मिनिट मिळतो. कसं घडलं, काय लागलंय, नाडी-बीपी-ऑक्सिजन किती, आपण काय दिलं आणि किती वाजता, याच क्रमाने सांगा. वाटेत किती ट्रॅफिक होतं ते कोणी विचारत नाही. रक्तस्राव थांबवायला टूर्निके (आवळपट्टी) बांधलं असेल तर त्याची वेळ रुग्णाच्या कपाळावर किंवा चिकटपट्टीवर लिहून ठेवा, तोंडी सांगितलेली वेळ पाळी बदलली की हरवते.