मिडलवेअर लावताना आधी क्रम ठरवा

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे दर अडत्यांनी भरायचे आणि शेतकऱ्यांनी मोबाईलवर पाहायचे, असे वेब ॲप्लिकेशन एक्सप्रेसमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहिण्याची चौकट) बांधत असाल, तर लॉगिनची तपासणी प्रत्येक राउटमध्ये (ठराविक पत्त्यावर आलेली विनंती हाताळणाऱ्या भागात) पुन्हा पुन्हा न लिहिता मिडलवेअरमध्ये, म्हणजे विनंतीच्या वाटेवर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, ठेवावी. मिडलवेअर ज्या क्रमाने नोंदवले जाते त्याच क्रमाने चालते, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात: जेसन (माहिती पाठवण्याचे मजकुरी स्वरूप) वाचणारे मिडलवेअर राउटच्या नंतर नोंदवले, तर अडत्याने पाठवलेला दर राउटच्या हाती लागतच नाही, आणि लॉगिनची तपासणी राउटच्या खाली राहिली, तर कोणीही परका माणूस दर बदलू शकतो. दर पाहणे सर्वांना खुले असल्याने ही तपासणी सरसकट न लावता केवळ दर भरण्याच्या राउटपुरती लावणे मला अधिक योग्य वाटते.

प्रत्येक मिडलवेअरने एकतर उत्तर पाठवावे किंवा विनंती पुढच्या टप्प्याकडे सोपवणारे नेक्स्ट हे फंक्शन चालवावे; दोन्ही राहिले, तर पान नुसते फिरत राहते आणि लॉगमध्ये चूकही दिसत नाही. तपासणीत नापास झालेल्या विनंतीला ४०१ (लॉगिन नसल्याचा उत्तर-क्रमांक) पाठवताना फंक्शन तिथेच थांबवणारे रिटर्न लिहायला विसरू नये, नाहीतर त्याखालचे नेक्स्टही चालते आणि अडवायची विनंती थेट राउटपर्यंत पोहोचते. चुका हाताळणारे मिडलवेअर सर्वांत शेवटी ठेवावे व त्याला चारही पॅरामीटर (चूक, विनंती, उत्तर आणि नेक्स्ट) द्यावेत, कारण त्या संख्येवरूनच एक्सप्रेस त्याला ओळखते. जँगो या पायथनच्या चौकटीत मात्र विनंती मिडलवेअरच्या यादीतून वरून खाली जाते आणि उत्तर खालून वर परतते, हा फरक ध्यानात ठेवावा.