ग्लो इंजिनची निडल लावताना या चुका टाळा

जमिनीवर मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन (बॅटरीने तापवलेल्या प्लगवर सुरू होणारं, मिथेनॉलवर चालणारं) मस्त गर्जतं, विमान वर जातं, आवाज आणखी चढतो आणि झटकन बंद! जळगाव-धुळ्याकडे नव्याने उडवायला लागलेल्या मुलांची ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा निडल, म्हणजे कार्ब्युरेटरवरचा इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, गरजेपेक्षा जास्त आवळलेली असते.

ही सवय दुचाकीच्या गॅरेजमधून येते. तिथे आवाज सर्वांत चढेल त्या जागी स्क्रू सोडतात आणि ते चालतं, कारण फोर-स्ट्रोक मोटरसायकलचं ऑइल इंजिनात वेगळं असतं. आपल्या छोट्या ग्लो इंजिनात तेल मिथेनॉलमध्येच मिसळलेलं असतं, साधारण १८ ते २० टक्के. निडल आवळली की इंधनासोबत तेलही कमी होतं. शिवाय मिथेनॉलची वाफ होताना इंजिन थंड राहतं, तो गारवाही जातो. पिस्टन आणि लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) ओरखडे पडतात ते इथे.

म्हणून इंजिन गरम झाल्यावर फुल थ्रॉटलला निडल एकेक क्लिक बंद करा. आरपीएम (मिनिटाचे फेरे) सर्वांत वर गेला की पुन्हा उघडा, टॅकोमीटरवर (फेरे मोजायच्या उपकरणावर) ३०० ते ४०० आरपीएम उतरेपर्यंत. टॅकोमीटर नसेल तर आवाज स्पष्ट खाली आलेला ऐकू आला पाहिजे. मग इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबून सोडा. आवाज किंचित चढून परत आला तर ठीक. न चढता थेट पडला तर मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) आहे, खूप चढला तर अजून रिच (इंधन जास्त). शेवटी कुणाला तरी विमान घट्ट धरायला सांगून नाक सरळ वर करा, दहा सेकंद. आवाज बसायला लागला तर निडल थोडी उघडा. ही नाक वर करायची चाचणी टाळू नका. आणि हे सगळं प्रॉपेलरच्या मागे उभं राहूनच.

खानदेशात हवामानाचा घोळ मोठा आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४४ च्या पुढे जातो, हवा विरळ होते, तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी येतो. सकाळी लावलेलं मिश्रण दुपारी रिच वाटतं, इंजिन जड चालतं. तेव्हा एखाद-दोन क्लिक आवळणं बरोबर, त्याहून जास्त नको, कारण त्या उन्हात थंड व्हायला वाव कमीच असतो. खरा घात उलट्या बाजूने होतो. मे महिन्याच्या दुपारी लावलेल्या निडलवर डिसेंबरच्या कडाक्याच्या सकाळी इंजिन चालवलं तर ते लीन चालतं. थंडी पडली की आधी निडल उघडा, मग नव्याने लावा. तोरणमाळला विमान नेलंत तर हजार मीटरच्या वरची विरळ हवा पुन्हा रिचकडे नेते, हेही ध्यानात ठेवा.

निडलला हात लावण्याआधी मात्र बाकीचं तपासा. टाकी भरलेली असताना ठीक आणि अर्धी झाली की लीन, असं होत असेल तर दोष टाकीचा. तिची मधली रेषा निडलच्या पातळीत किंवा सेंटिमीटरभर खाली हवी, आणि भोवती फोम हवा, नाहीतर थरथरीने इंधनाला फेस येतो. नळीला सुईएवढं भोक पडलं तरी हवा ओढली जाते. सुरू झाल्यावर प्लगची बॅटरी काढताच इंजिन मरत असेल तर प्लग जुना झालाय किंवा आयडल (थ्रॉटल जवळजवळ बंद असतानाचं मिश्रण) फार रिच आहे.

आयडल नेहमी मुख्य निडलनंतर लावा. थ्रॉटल उघडताच धूर टाकत रखडलं तर रिच, धुराशिवाय झटकन मेलं तर लीन. दोन निडलच्या कार्ब्युरेटरमध्ये आयडलचा स्क्रू आत घेतला की लीन होतं, एअर-ब्लीडच्या कार्ब्युरेटरमध्ये (जिथे तो स्क्रू इंधनाऐवजी हवा कमी-जास्त करतो) बरोबर उलटं. आपला कुठला, ते माहितीपुस्तिकेत आधी पाहा.

कपाशीच्या मोकळ्या रानात विमान चालू करताना खाली ताडपत्री अंथरा, काळ्या मातीची धूळ प्रॉपेलर थेट कार्ब्युरेटरकडे उडवतो. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून ओलं जाड फडकं हाताशी असू द्या. कॅन घट्ट बंद ठेवा, विशेषतः पावसाळ्यात, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. याच कारणाने दिवस संपला की उरलेलं इंधन इंजिनात जाळून टाका आणि थोडं तेल सोडून प्रॉपेलर हाताने फिरवा, नाहीतर बेअरिंग गंजतं.