‘नुकसान कशामुळे झालं?’ हा एक रकाना

मी १७ वर्षं विमा सर्व्हेअर आहे, म्हणजे विम्याच्या क्लेममधलं नुकसान जागेवर जाऊन तपासतो. जळालेली दुकानं, चेपलेल्या गाड्या, भिजलेली गोदामं बघत आलोय. पहिल्यांदा क्लेम करणारा माणूस फॉर्ममध्ये नुकसान पानभर लिहितो आणि कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहून मोकळा होतो. पॉलिसी मात्र बहुतेकदा कारणांवर बेतलेली असते. माल तोच, पाणीही तेवढंच; पण पाइप अचानक फुटला असेल तर पैसे मिळतात, आणि भिंतीत कित्येक महिने पाणी मुरत असेल तर सहसा मिळत नाहीत.

सुरुवातीच्या दिवसांतला एक छापखाना मला अजून आठवतो. सकाळी शटर उघडलं तर कागदाचे गठ्ठे भिजलेले. मालकांनी कारण लिहिलं, ‘ओल आली.’ कंपनीनं त्याचा अर्थ ‘पाणी मुरलं’ असा लावला आणि क्लेम नाकारायची तयारी केली. मी पोहोचलो तोवर फरशी पुसून झाली होती, पाइपही बदलला होता. फुटलेला तुकडा मागच्या पिंपात सापडला. त्यावरची चीर अगदी ताजी होती. आसपासच्या भिंतीवर जुन्या ओलीचा एक डाग नव्हता. तो तुकडा कचऱ्याच्या गाडीत गेला असता, तर खरं बोलणाऱ्या माणसाचं खरं नुकसान मला सिद्ध करता आलं नसतं.

त्यामुळे मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो: आधी माणसं सुरक्षित करा, मग नुकसान वाढणार नाही असं बघा. नळ बंद करा, ताडपत्री टाका, कोरडा माल बाजूला घ्या. ते तुमचं कामच आहे. हलगर्जीनं वाढलेल्या नुकसानीचे पैसे कंपनी कापू शकते. मात्र काहीही हलवण्याआधी फोटो काढा. एक लांबून, जागा ओळखू येईल असा, आणि मग जवळून. दुरुस्ती सर्व्हेअर येईपर्यंत थांबवा. थांबणं शक्यच नसेल तर तसं लेखी कळवा, काढलेला भाग जपून ठेवा, बिल घ्या.

कंपनीला त्याच दिवशी फोन करा आणि तेच ई-मेलनंही कळवा. क्लेम नंबर लिहून घ्या. चोरी असेल किंवा कोणाला इजा झाली असेल तर पोलिसांत नोंद हवीच. रस्त्यावरच्या अपघातात घाबरून ‘चूक माझीच’ असं जागेवर लिहून देऊ नका. काय घडलं ते सांगा. जबाबदारी कोणाची हे नंतर ठरतं.

कारण लिहिताना वेळ, जागा, सगळ्यात आधी काय दिसलं आणि कोणी पाहिलं, एवढं क्रमानं लिहा. डोळ्यांनी पाहिलेलं आणि तुमचा अंदाज वेगवेगळा ठेवा. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असंच लिहा, त्यानं क्लेम बुडत नाही. वाढवून लिहिलेल्या एका वस्तूनं मात्र अख्खा क्लेम बुडू शकतो. असं झालेलं मी पाहिलंय आणि फार वाईट वाटलंय, कारण बाकीचं सगळं खरं होतं.

रक्कम अपेक्षेपेक्षा कमी आली म्हणजे फसवणूकच झाली असं नाही. जुन्या वस्तूचा घसारा (वापरानं घटलेली किंमत) वजा होतो, पॉलिसीत ठरलेला सुरुवातीचा हिस्सा तुमच्याकडे राहतो. विमा अपुरा असेल तर तेही नडतं: मालाची किंमत १०० आणि विमा ६० चाच असेल, तर त्याच प्रमाणात २० च्या नुकसानीचे १२ च हातात येतात. हिशेब लेखी मागा. ‘संपूर्ण आणि अंतिम’ असं लिहिलेल्या पावतीवर तो समजल्याशिवाय सही करू नका.

नकाराचं पत्र आलं तर कोणत्या कलमाखाली नाकारलं ते विचारा आणि उत्तर त्या कलमालाच द्या. छापखान्याच्या मालकांचं दुसरं पत्र चारच ओळींचं होतं: ‘रात्री ९ ला छापखाना बंद केला, तेव्हा फरशी कोरडी होती. सकाळी ७ ला उघडला, तेव्हा पाइपमधून धार लागलेली होती. कामगारानं मुख्य नळ बंद केला. फुटलेला तुकडा आमच्याकडे आहे, केव्हाही पाहावा.’ त्या पत्रावर क्लेम मंजूर झाला.