निर्णय मोठा असेल तेव्हा: देवाची इच्छा ओळखायची महिनाभराची पद्धत

"देवाची इच्छा काय आहे तेच कळंना" असं म्हणत माणूस चर्चच्या पाळकांकडं येतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा प्रश्नच अजून तयार झालेला नसतो. "माझ्या नोकरीबद्दल देवाची योजना काय?" याला हो किंवा नाही म्हणता येत नाही, म्हणून ते अजून प्रश्नाच्या जागी पोचलेलं नाही. "सौदीतल्या हॉस्पिटलची दोन वर्षांची नोकरी ३० तारखेच्या आत स्वीकारायची, की कोल्हापुरातच राहायचं?" हा प्रश्न झाला. शंभर पानी वही घ्या, पहिल्या पानावर तारीख टाका आणि प्रश्न एका वाक्यात लिहा. वाक्यात दोनच वाटा हव्यात. तीन असतील तर आधी एक गाळा. बाजारातल्या नेहमीच्या वहीनं काम भागतं, सोनेरी कडांची डायरी नको. ती खराब होईल म्हणून लोक खरं लिहीत नाहीत.

हेच उदाहरण शेवटपर्यंत धरू. नर्स, वय २९, खासगी हॉस्पिटलात नोकरी. आई कसबा बावड्यात, तिला शुगर आहे. भाऊ इचलकरंजीत, यंत्रमागावर कामाला. घरावर कर्ज आहे.

आधीच सांगून झालेलं

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, जे स्पष्ट सांगितलंय, त्यावर पुन्हा प्रार्थना करून वेगळं उत्तर मिळवायचं नसतं. खोटा अनुभव दाखला जोडू का, नवऱ्याला न सांगता कर्ज काढू का, यासाठी महिना कशाला घालवायचा? मात्र एक जागा फसवी आहे. मार्क ७ मध्ये येशू 'कुर्बान'बद्दल बोलतो. आईबापांच्या उपयोगाचा पैसा देवाला अर्पण केला असं म्हणायचं, आणि आईबापांना हात हलवत परत पाठवायचं, अशी ती पळवाट होती. म्हणजे आमच्या नर्सला "आईचं देव बघेल" हे वाक्य वहीत लिहिता येणार नाही. आईचं कोण, कसं, कोणत्या दिवशी बघणार, हे तिनं लिहायचं. उलट, आई आहे म्हणून जायचंच नाही, असाही आदेश त्या वचनात नाही. सोय कर, एवढंच त्यातून निघतं.

रोमकरांस १२:२ मधला क्रम बघा. मन नवं होणं आधी, देवाची इच्छा पारखणं नंतर. हा क्रम उलटा केला की पुढचं सगळं बिघडतं.

काटा शून्यावर आणणं

गुजरीत सोनं तोलताना सराफ आधी रिकामा काटा शून्यावर आणतो. काट्यावर आधीच काही पडलेलं असेल तर वर ठेवलेल्या दागिन्याचं वजन खोटंच दिसणार. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यानं निर्णयाची जी पद्धत घालून दिली, जिला पोप तिसऱ्या पॉलनं १५४८ मध्ये मान्यता दिली, तिच्यातही हाच दाखला आहे: मन तराजूच्या काट्यासारखं मधोमध हवं.

कसं तपासायचं? डोळे मिटा आणि "नाही, जायचं नाही" हे उत्तर मिळालंय असं पाच मिनिटं धरून चाला. मन लगेच वकिली करायला लागलं, "पण प्रभू, कर्जाचं काय" म्हणून, तर काट्यावर आधीच काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी "हो, जायचं" धरून बघा. पोटात गोळा आला तर तेही वजनच. ते काय आहे त्याचं नाव लिहा: कर्ज, चुलतबहिणीनं घेतलेला फ्लॅट, वॉर्डातल्या सिस्टरशी भांडण, आईला सोडल्यावर लोक काय म्हणतील ही धास्ती. मग पुढचा आठवडा, जिकडं ओढ आहे त्याच्या उलट वाटेसाठी मुद्दाम प्रार्थना करा. जायची ओढ असेल तर "मला इथंच राहण्याची तयारी दे." ही प्रार्थना तोंडातून निघता निघत नाही. निघायला लागली की काटा हलतोय म्हणायचं. पूर्ण शून्यावर आला नाही तरी चालेल, वजन किती आहे ते तरी माहीत होतं.

रोजचा वेळ वीस मिनिटं पुरे: पाच मिनिटं गप्प बसणं, दहा मिनिटं वाचन, पाच मिनिटं लिहिणं. वाचन क्रमानं करा, एखादं शुभवर्तमान किंवा याकोबाचं पत्र. आपल्या प्रश्नाला सोयीची वचनं हुडकत बसू नका. फोन दुसऱ्या खोलीत. रंकाळ्यावर फिरताना प्रार्थना होते, पण लिहिणं होत नाही, आणि न लिहिलेलं आठवड्यात सोयीप्रमाणं बदलतं.

माहिती गोळा करणं हीसुद्धा प्रार्थनाच

लूक १४:२८ मधला माणूस बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करतो. दुसऱ्या आठवड्यात हेच करायचं. परदेशी नोकरीचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ईमायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. "व्हिजिट व्हिसावर या, तिकडं बदलून देतो" म्हणणाऱ्याला तिथंच रामराम. करार हातात घेऊन पगार, सुट्ट्या, राहण्याची सोय आणि मध्येच परत यायचं झालं तर काय, ही चार कलमं वहीत उतरवा. कित्येकदा देवाची इच्छा या पानावरच कळते आणि पुढची प्रार्थना आभाराची होते.

मग एक पान आडवं धरून चार रकाने पाडा. आमच्या नर्सचं पान साधारण असं दिसेल:

गेल्याचे फायदे: कर्ज तीन वर्षांत फिटेल. आयसीयूचा अनुभव.
गेल्याचे तोटे: आईची इन्सुलिनची वेळ. भाऊ रात्रपाळीला असतो. दोन वर्षं लग्नाचं थांबणार.
न गेल्याचे फायदे: (कोरं)
न गेल्याचे तोटे: हप्ता आणि औषधं जाऊन हातात काही उरत नाही.

तिसरा रकाना कोरा आहे, ते नीट बघा. पहिला आणि चौथा रकाना एकाच गोष्टीच्या दोन बाजू वाटतात म्हणून लोक एकातलं दुसऱ्यात उतरवतात आणि तिसरा सोडून देतात. तो कोरा राहिला याचा अर्थ न जाण्याचा विचारच झालेला नाही. तीन दिवस फक्त त्या रकान्यावर बसा. "आईबरोबर रविवारची भक्ती", "इथंच डायलिसिसचं शिक्षण घेता येईल" असं काही सुचतं, आणि मगच तुलना होते. ओळी मोजून निकाल लावू नका. इन्सुलिनची एक ओळ इतर पाच ओळींना भारी पडू शकते.

विचारायचं कुणाला

कोल्हापुरात सल्ला फुकट मिळतो आणि न मागता मिळतो. म्हणून तिघंच ठरवा. एक, ते काम केलेला: तिकडून परत आलेली नर्स. दोन, तुमच्या खोड्या माहीत असलेला. तीन, मंडळीतला, म्हणजे आपल्या चर्चमधला, असा वडीलधारा ज्याला तुमच्या जाण्यानं-राहण्यानं नफा-तोटा नाही. यात आई बसत नाही. आईशी बोलायचंच, पण ती पंच नाही, तिचा संसार यात गुंतलाय. तिघांनाही चार रकाने दाखवा आणि "काय करू?" विचारू नका. "यात मला काय दिसत नाहीय?" असं विचारा.

"प्रभूनं मला तुझ्याबद्दल दाखवलंय" म्हणत कुणी आलं तर रागावू नका आणि लगेच तिकीटही काढू नका. पहिल्या थेस्सलनीकाकरांस ५ मध्ये दोन्ही सांगितलंय: संदेश तुच्छ मानू नका, आणि सगळं पारखून घ्या. शब्द, तारीख, सांगणाऱ्याचं नाव लिहा आणि महिनाअखेरपर्यंत बाजूला ठेवा. स्थळांच्या बाबतीत हा प्रकार फार चालतो. देवानं मुलाला सांगितलं असेल तर मुलीला सांगायला त्याला अडचण नाही. लग्नाआधी तीन रविवार मंडळीत नावं वाचायची जुनी रीत आहे ती याचसाठी, की कुणाला हरकत असेल तर ती वेळेत पुढं यावी.

चिन्हं, चिठ्ठ्या आणि लगेच मिळालेली एसटी

बायबल कुठंही उघडून बोट ठेवायची सवय आपल्याकडं बरीच आहे. देवळात कौल लावणाऱ्या शेजाऱ्याला हसायचं आणि घरी हे करायचं, यात फरक काय ते आम्हाला अजून कळलेलं नाही. चिठ्ठ्यांना शास्त्रात आधार आहेच, यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड तशीच झाली. पण ते प्रेषितांच्या कृत्यांतल्या पहिल्या अध्यायात. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरला, आणि त्यानंतर मंडळीनं चिठ्ठ्या टाकल्याचं नव्या करारात कुठं येत नाही. गिदोनानं खळ्यात लोकर ठेवून देवाकडं दोनदा चिन्ह मागितलं, ती लोकर सगळ्यांना आठवते, पण त्याला काय करायचं ते आधीच सांगितलं होतं. लोकर त्याच्या भीतीसाठी होती, आणि दुसऱ्यांदा मागताना तो स्वतःच "रागावू नकोस" म्हणतो.

"दार उघडलं" हेही जपून म्हणा. देवापासून पळणाऱ्या योनाला याफो बंदरात तार्शीशला जाणारं जहाज तयार मिळालं होतं. स्टॅंडवर पोचताच पुण्याची गाडी लागलेली होती, यावरून पुण्यात राहायचं की नाही ते ठरत नाही.

राहिली मनाची शांती. ती खूण आहे, पण तिच्यासारखी दिसणारी आणखी एक गोष्ट असते: सुटका. अवघड गोष्टीला नाही म्हटलं की लगेच हलकं वाटतं. ते हलकेपण वहीत लिहा आणि चार दिवसांनी परत बघा. सुटका विरते आणि रुखरुख मागं ठेवते. शांती मात्र काळजी असतानाही तळाशी टिकून राहते. शुद्ध आनंद मागू नका, क्रूसाच्या आदल्या रात्री येशूनं गेथशेमानेत प्रार्थना केली, तिथं तोही नव्हता.

उपास करायचा असेल तर एक वेळचा, पाणी पीत. शुगरच्या गोळ्या-इन्सुलिन चालू असलेल्यांनी, गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. उपासाच्या संध्याकाळी निर्णय घेऊ नका. डोकं दुखत असताना आलेल्या स्पष्टतेवर विसंबून चालत नाही.

ठरवणं

चौथ्या आठवड्यात एक वाट मनाशी धरा आणि तीन दिवस ती ठरल्यासारखं जगा. कुणाला सांगू नका. चौथ्या दिवशी इग्नेशियसचे दोन प्रश्न लिहून सोडवा. हेच पान घेऊन अनोळखी माणूस आला तर त्याला मी काय सांगेन? मरताना मागं बघितल्यावर यातलं काय केलेलं मला बरं वाटेल? उत्तरं त्याच वाटेकडं गेली तर ठरलं. वेगळी आली तर परत पहिल्या पानावर. बहुधा प्रश्नच चुकलेला असतो.

लिहिताना "प्रभूची इच्छा असेल तर" हे शब्द घाला, याकोबानं चौथ्या अध्यायात सांगितलेच आहेत. १८५२ मध्ये कोल्हापुरात आलेल्या मिशनरी वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट, १८६३ चा, इथंच जन्मलेला. परदेशात सेवेला जाऊ इच्छिणाऱ्या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची प्रतिज्ञा त्यानं पसरवली, तिच्यातही "देवाची परवानगी असेल तर" असं होतं. त्या शब्दांमुळं कुणाची बॅग भरायची थांबली नाही. आपल्याकडं मात्र ते शब्द टाळाटाळीला वापरतात.

निर्णयाखाली तीन कारणं आणि तारीख लिहा. पुढं एखाद्या रात्री, तिकडच्या खोलीत एकटं असताना, "चुकलंच" असं वाटेल. मन कोरडं पडलेलं असताना घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा इग्नेशियसचा सगळ्यात उपयोगी नियम. त्या रात्री वहीतली तीन कारणं वाचा आणि झोपा. नवी माहिती आली, आईची तब्येत बिघडली, करारात लिहिलेला पगार मिळेना, तर वही जरूर उघडा, पण नव्या पानावर, नव्या प्रश्नानं. आणि निघण्याआधी भावाच्या पाळ्या, इन्सुलिनच्या वेळा आणि शेजारच्या काकूंचा नंबर एका कागदावर लिहून आईच्या फ्रिजला लावा.