कुशिंगचं ऑपरेशन झालं, आता स्टेरॉइड कमी करताना

ऑपरेशन झालं की लगेच बरं वाटेल असं धरून चालू नका. कुशिंग म्हणजे अंगात कॉर्टिसोल हे हार्मोन फार वाढणं. अंगाला त्या जास्तीच्या कॉर्टिसोलची सवय लागलेली असते, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतली गाठ काढली की ते एकदम तळाला जातं, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, म्हणजे मूत्रपिंडावरच्या कॉर्टिसोल बनवणाऱ्या ग्रंथींना, हुकूम देणारा पिट्युटरीचा चांगला भाग इतके दिवस झोपलेलाच, तो लगेच कसा उठणार. म्हणून हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलच्या जागी घ्यायचं स्टेरॉइड, देतात. तरी अंग ठणकतं, सांधे धरतात, कातडी सुटते, उगाच रडू येतं, आणि बहुतेकदा हे ऑपरेशन जमल्याचंच लक्षण असतं. मला हे आधी माहीत नव्हतं, मी आपली समजत होते की आजार परत आला.

नाकातून ऑपरेशन असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाक शिंकरायचं नाही, खाली वाकायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून. नाकातून पाण्यासारखं पातळ गळायला लागलं तर त्याच दिवशी फोन करा. पहिल्या दोन आठवड्यांत रक्तातलं सोडियम घसरू शकतं, त्यामुळे डोकं दुखून मळमळलं किंवा गोंधळल्यासारखं झालं तर वाट बघू नका.

सकाळची गोळी उठल्या उठल्या. मी उशाशी पाणी आणि गोळी ठेवून झोपायचे, अलार्म वाजला की गिळायची आणि अर्धा तास तशीच पडून राहायचे, मग पाय खाली. शेवटचा डोस उशिरा घेतला तर झोपेचं खोबरं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारून, एका वेळी थोडासा, समजा 2.5 मिलिग्रॅम, आणि अंग सावरलं की मगच पुढचा. तारीख, डोस, बीपी, कसं वाटतंय एवढं वहीत लिहा, नुसतं "बरं नाही" सांगून डॉक्टरांना काय कळणार.

दुखणं सोसता येतं, पण उलट्या, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, बीपी खाली, हे वेगळं, कॉर्टिसोल फारच कमी पडल्याचं, यात जीव जाऊ शकतो. ताप आला तर डोस दुप्पट-तिप्पट करायचा असतो, तुमचा आकडा आत्ताच लिहून घ्या. गोळी पोटात टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन मांडीत आणि थेट हॉस्पिटल. घरच्यांना ते द्यायला शिकवून ठेवा, माझ्या नवऱ्याने आधी संत्र्यावर प्रॅक्टिस केली.

ग्रंथी परत कामाला लागल्या का ते सकाळच्या कॉर्टिसोलवरून बघतात, गोळी घ्यायच्या आधी. सहा महिने, वर्ष, कधी जास्तही. या आजारात मांड्यांतली ताकद जाते, म्हणून तोवर खुर्चीतून हात न टेकता उठायचा सराव करा, मला पहिल्यांदा एकदाही जमलं नव्हतं.