पावसाळी जंगलातलं बारीक जग मोबाइलवर कसं टिपावं

श्रावणात भीमाशंकरच्या जंगलात धुक्यामुळे लांबचं काही दिसत नाही. बारीकसारीक टिपायला हेच दिवस उत्तम. अंजनीच्या खोडावरचं शेवाळ, कुजक्या ओंडक्यावरची भूछत्रं, दगडफुलाच्या करड्या चकत्या (यांच्याच भाऊबंदांपैकी काही आपल्या काळ्या मसाल्यात पडतात), सगळं हाताच्या अंतरावर असतं.

चालणं कमी करा. एक खोड निवडा आणि तिथे अर्धा तास द्या. पहिली पाच मिनिटं मोबाइल खिशातच राहू दे, नुसतं बघा. हात-गुडघे टेकण्याआधी आजूबाजूचं झुडूप नीट न्याहाळा. चापडा हा हिरवा विषारी साप पानांत बसला की पटकन दिसत नाही.

आता लेन्स कोरड्या सुती फडक्याने पुसा. धुक्यात हे दर थोड्या वेळाने करावंच लागतं.

बहुतेक मोबाइलची मुख्य लेन्स १०-१५ सेंटिमीटरपेक्षा जवळ गेलं की फोकस धरत नाही. अशा वेळी थोडं मागे सरून दुप्पट झूम करा. मॅक्रो मोड असेल तर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जाता येतं, पण मग मोबाइलचीच सावली पडते. म्हणून मला झूमच जास्त भरवशाचं वाटतं.

फ्लॅश अजिबात नको, ओल्या पानावर पांढरा डाग पडतो. त्याऐवजी पांढरा कागद बाजूला धरा, सावलीतला भाग हळुवार उजळतो. काळी छत्री मागे उघडून ठेवलीत तर वाराही अडतो आणि पार्श्वभूमीही गडद मिळते.

शेवाळाकडे अगदी जवळून पाहा. केसासारख्या देठांवर बीजाणूंच्या इवल्या कुप्या असतात आणि एखादीला थेंब लटकलेला असतो. त्या थेंबात मागची झाडं उलटी दिसतात! मोबाइल थेंबाच्या पातळीवर आणा, आतल्या उलट्या झाडांवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस लॉक होईल. मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, कारण गर्द सावलीत कॅमेरा चित्र गरजेपेक्षा जास्त उजळतो. पांढऱ्या भूछत्रांनाही हेच लागू. कोपर गुडघ्यावर टेका, दोन सेकंदांचा टायमर लावा, श्वास सोडून थांबा. असे आठ-दहा फोटो काढा, एखादाच नेमका धारदार येतो.

फोटोसाठी काहीही उपटू नका, पायवाट सोडू नका. हे अभयारण्य आहे, आणि एका बुटाखाली जाणारं दगडफूल वाढायला कित्येक वर्षं लागलेली असतात.

घरी आल्यावर फोटोसोबत तारीख आणि झाड लिहून ठेवा. डिसेंबरात पुन्हा त्याच खोडापाशी जा. शेवाळ सुकून आक्रसलेलं असेल. बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब सोडा आणि व्हिडिओ सुरू करा. काही मिनिटांतच मिटलेली पानं उलगडायला लागतात.