अपडेटनंतर वायफाय सारखं तुटतंय? आधी दोष कुणाचा ते शोधा

साताऱ्यात शनिवार पेठेतल्या आमच्या घराच्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड हात जाड. वायफाय गेलं की घरातल्यांचा राग आधी भिंतीवर निघतो, मग केबलवाल्यावर. गेल्या पावसाळ्यात लॅपटॉपने रात्रीतून अपडेट घेतलं आणि सकाळपासून दर दहा-पंधरा मिनिटांनी कनेक्शन तुटायला लागलं. मी एकाच दुपारी राउटर रीसेट केला, पासवर्ड बदलला, ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपातलं वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकला. वायफाय सुधारलं, पण कशाने ते कळलंच नाही. पुढच्या अपडेटला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि अर्धा तास वापरून बघा.

लॅपटॉपवर तुटलं की लगेच त्याच वायफायवरचा मोबाईल तपासा. मात्र मोबाईल डेटा बंद करून. नाहीतर फोन गुपचूप डेटावर जातो आणि आपण फसतो. मोबाईलवर चालू असेल तर घोळ बहुतेक लॅपटॉपात. दोन्हीकडे गेलं तर राउटरकडे वळा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर सिग्नलच येत नाहीये. तिथे सेटिंगमध्ये हात घालू नका, केबलवाल्याला फोन करा.

आता लॅपटॉप. विंडोज ११ असेल तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफाय किंवा वायरलेस असं नाव असलेल्या ओळीवर डबल क्लिक करा. ड्रायव्हर टॅबमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असतं. अपडेटसोबत वायफायचा ड्रायव्हरही बदलला असेल, तर याने आधीचा परत येतो. बटण पुसट दिसलं तर जुना ड्रायव्हर उरलेला नाही. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून तिथला उतरवून घ्या. रोल बॅक जमलं तर अपडेट आठवडाभर थांबवून ठेवा, नाहीतर तोच ड्रायव्हर मागच्या दाराने परत येतो.

चार्जर लावला की नीट चालतं आणि बॅटरीवर तुटतं, असं असेल तर शंका वीज वाचवण्याच्या सेटिंगवर घ्या. त्याच खिडकीत पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणाऱ्या चौकोनातली खूण काढा. काही नव्या लॅपटॉपांत हा टॅब नसतो, त्यात तुमची चूक नाही.

एवढ्याने भागलं नाही तर नेटवर्क रीसेट. याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात. आपला आधी कागदावर लिहून घ्या. घरात तो आठवणारं माणूस नेमकं तेव्हाच बाजारात गेलेलं असतं.

अपडेट राउटरनेच घेतलं असेल तर ब्राउझरमध्ये त्याच्या सेटिंगच्या पानावर जा. पत्ता डब्याखालच्या स्टिकरवर असतो. वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही लहरपट्ट्यांना एकच नाव असेल, तर लॅपटॉप दोन्हींत उड्या मारत राहू शकतो. नावं वेगळी करा. ५ चा वेग जास्त, पण दगडी भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो, माजघरात २.४ च बरा. शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असेल तर २.४ साठी चॅनेल १, ६ किंवा ११ यांतला एक निवडा. जुना लॅपटॉप डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर अडत असेल तर सुरक्षा आधीच्या डब्ल्यूपीए२ वर ठेवा.

विंडोजची पूर्ण नवी आवृत्ती बसल्यावर बिघडलं आणि कशानेच सुधारलं नाही, तर सेटिंग्जमधल्या सिस्टिम, रिकव्हरी इथून मागे जाता येतं, पण साधारण १० दिवसांच्या आतच. ती मुदत हुकू नये म्हणून अपडेटची तारीख मी कॅलेंडरवर लिहितो, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.